वाकायची सोय

सोमवार, १५ नोव्हेंबर १९५४

दिवाळीची सुटी संपून आज शाळा उघडली. पहिल्याच तासाला मुलांना मैदानावर सावधानमध्ये उभं केलं. फराळ खाऊन सगळ्यांच्या पाठी तांदळाच्या पोत्यासारख्या झाल्या होत्या. "कणा ताठ! छाती पुढे! पोट आत!" असं ओरडत रांगेतून फिरत होतो. तेवढ्यात हातातली शिटी खाली पडली. उचलायला वाकलो.

तिथंच राहिलो.

ना वर येता येई, ना खाली बसता येई. कमरेत जी कळ उठली ती डाव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत गेली. मुलांना वाटलं, मयेकर मास्तर नवीन कवायत दाखवतायत. पहिली रांग वाकली. मग दुसरी वाकली. त्यांना दोष देत नाही, मी त्यांना हेच शिकवलं आहे. "आराम" म्हणायला माझ्या तोंडून शब्द फुटेना, त्यामुळे अख्खं मैदान बराच वेळ वाकून उभं होतं. शेवटी धोंडू शिपायाने बैलगाडी आणली.

सौ. दारातच उभी होती. मला गाडीतून उतरवताना बघून म्हणाली, "अवो, तुमी वाकलात?" एवढंच. जणू मी चोरी केली होती.

घटकाभरात आळी गोळा झाली. प्रत्येकाचं एकच म्हणणं: "मास्तर, घरात पायाळू असताना डॉक्टर कशाला?"

हे लिहून ठेवतो. सौ. पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले. अशा माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते, असा आमच्या मुलखात समज आहे. देवरुखकडच्या तिच्या माहेरी म्हणे सकाळपासून दारात वाकडी माणसं उभी असत. लग्न झाल्यावर मी हा प्रकार बंद केला. शाळेत शरीरशास्त्र शिकवायचं आणि घरात लाथांचा दवाखाना चालवायचा, हे मला जमणार नाही असं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तिने कुणाच्या पाठीला पाय लावलेला नाही.

उताणा पडून लिहितो आहे. शाई वर चढत नाही. पेन्सिल घेतली.

बुधवार, १७ नोव्हेंबर

डॉ. अकबर मुकादम येऊन गेले. मुंबईला शिकलेले, वयाने माझ्याहून लहान, जिभेला धार. माझा डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. मी ओरडलो. "छान," म्हणाले आणि खाली ठेवला.

मग समजावायला लागले, "मास्तर, मणके एकावर एक रचलेले असतात. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती. बाहेरून चिवट, आतून मऊ."

"मी हे आठवीला शिकवतो," मी म्हणालो.

ते सौ.कडे वळले. "वहिनी, डोक्यावर हंडा घेता तेव्हा खाली काय ठेवता?"

"चुंबळ."

"तीच. मास्तरांच्या कमरेतली चुंबळ सरकली आहे. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली. बाजूने पायाकडे जाणारी शीर तिच्याखाली चेमटते आहे, म्हणून कळ अंगठ्यापर्यंत जाते."

सौ.ला हे एकदम पटलं. मी इतकी वर्षं घरात शरीरशास्त्र बोलतो, ते तिला कधी पटल्याचं आठवत नाही.

औषध म्हणजे कडक फळीवर पडून राहायचं. दुपारी थोडा वेळ पालथं झोपायची मुभा. बाकी काही नाही. मी म्हणालो, जन्मभर कणा ताठ ठेवला त्याचं हेच फळ का? तर म्हणतात, "ताठ उभं राहणं एवढंच काम असतं तर ओटीच्या खांबासारखी एक मेढ पुरली असती. तेहेतीस तुकडे कशाला केले? ही सगळी वाकायची सोय आहे, मास्तर. तुम्ही ती कधी वापरली नाहीत."

मला हे पटलेलं नाही.

घरात एवढी रुंद फळी नव्हती. धोंडूने शाळेतला जुना फळा आणून ओटीवर घातला. हेडमास्तरांची चिठ्ठी सोबत होती: "वापर झाल्यावर परत करावा." फळ्यावर आठवीचं अर्धं गणित आहे. सौ. ते पुसू देईना. मुलांचं पुढे अडेल म्हणते. त्यावरच चादर घातली आहे.

रविवार, २१ नोव्हेंबर

हेडमास्तर येऊन गेले. सोबत नवा मास्तर, कांबळी. मुंबईहून व्यायामाचा डिप्लोमा घेऊन आला आहे. खांदे पुढे पडलेले, मान खाली. मी पडल्या पडल्या त्याला खांदे मागे घ्यायला सांगितलं. त्याने घेतले. मुलगा वाईट नाही.

हेडमास्तरांनी चहा संपवून विषय काढला. सव्वीस जानेवारीला नेहमीप्रमाणे सगळ्या शाळांचं संचलन आहे. आमची शाळा पुढे असते आणि शाळेच्या पुढे मी असतो. शाळा समितीचं म्हणणं असं, की त्या दिवशी मी मैदानावर उभा राहिलो तर प्रश्नच नाही. नाहीतर ड्रिल कांबळीकडे जाईल.

"आणि मी?"

"तुम्हाला वाचनालयात बसवू."

बसवू! मला बसता येत नाही म्हणून नव्हे, पण ड्रिलमास्तरला बसवणार? मी म्हणालो, मी उभा राहीन. हे वाक्य मी आडवा पडून म्हणालो, त्यामुळे त्याला हवं तसं वजन आलं नाही.

ते गेल्यावर सौ.ने विचारलं, "वाचनालयात पंखा हाय ना?" तिला यातलं काही कळत नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी मला रिकामपणी बघायला म्हणून आपले शिकतानाचे मणके आणून दिले. खऱ्या माणसाचे, दोरीत ओवलेले. मी हरखून गेलो. सौ.ने दोन पावलं मागे घेतली.

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? मणके आहेत," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "बाईचे आहेत, वहिनी. या कमरेच्या मणक्यांच्या कडा बघा, कशा बाहेर आल्यात. जन्मभर ओझं वाहिलेलं दिसतं."

सौ.ने ते माझ्या हातातून काढून घेतले. सुपात ठेवले, वरून आपला जुना खण घातला आणि संध्याकाळी समोर दिवा लावला. चिमूटभर भातही ठेवला. म्हणे, कोण कुठली बिचारी, कुणी पाणीसुद्धा सोडलं नसेल. मी तिला विज्ञान म्हणजे काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि वात पुढे सरकवली. शेवटी असं ठरलं की दिवसा मणके माझे आणि दिवेलागणीनंतर तिचे.

अभ्यास चालू आहे. मानेचे सात, पाठीचे बारा, त्यांना बरगड्या. कमरेचे पाच, सगळ्यांत जाड, कारण सगळा भार त्यांच्यावर. खाली त्रिकास्थी आणि माकडहाड, त्यांचे तुकडे आपसांत जुळून गेलेले. सगळ्यांच्या मधून बोगदा, त्यातून मज्जारज्जू. मेंदूचा हुकूम त्यातून खाली जातो, पायाची तक्रार त्यातून वर येते. मानेच्या पहिल्या मणक्यामुळे मान "हो" म्हणते आणि दुसऱ्यामुळे "नाही" म्हणते. माझा दुसरा चांगला वापरात असणार.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. बाजूने पाहिलं तर कणा सरळ नसतोच. चार ठिकाणी वळतो. हे पुस्तकातही आहे. मुलांना "ताठ" शिकवताना मी ते पान घेत नसे.

रविवार, ५ डिसेंबर

दुपारी राजिवड्याचा रमजान तांडेल आला. जाळं ओढताना त्याला उसण भरली होती. काटकोनात वाकून चालत होता. मला म्हणाला, "मास्तर, बरां हाय का?" मी म्हणालो, बरं कसलं, तू तरी चालतोस. मग तो, वयनींना भेटून जातो म्हणत घराच्या कडेने परसात गेला. मी त्याला मागून ओरडून चकतीची माहिती दिली.

थोड्या वेळाने परसात धप्पकन आवाज झाला. मी विचारलं, काय पडलं?

"नारळ," सौ. म्हणाली.

रमजान परत जाताना पाहिला तर सरळ चालत होता. थोडं फिरलं की स्नायू मोकळे होतात, त्यातला हा प्रकार. संध्याकाळी त्याच्या घरून सुरमई आली. शेजारी असावेत तर असे.

हल्ली परसात नारळ बरेच पडतात. बुधवारी दोन पडले. आमच्या एका माडाला एवढे असतील असं वाटलं नव्हतं. पडून राहिल्यामुळे घरातल्या गोष्टी लक्षात येतात.

रविवार, १२ डिसेंबर

आज भडका उडाला. आळीतली चार माणसं आली आणि ओटीवर बसून सौ.ला समोरासमोर सांगायला लागली, की वयनी, मारा एक लाथ आणि मोकळं करा मास्तरांना. एकाने तर जागाही दाखवली. मी सुपातले मणके मागवले आणि एकेकाला दाखवत विचारलं, इथं बाहेरून लाथ मारून आतली चकती जागेवर कशी जाईल ते सांगा. मणके बघून दोघे उठून गेले.

मी सौ.ला म्हणालो, "ऐकलंस ना? या घरात हे चालणार नाही."

ती म्हणाली, "मी कुठं म्हनते लावते म्हणून? दुनियेला लावीन, पण तुमाला नाय. नवऱ्याला पाय लावायचा म्हंजे काय खेळ हाय? कुठं फेडायचं तां पाप?"

म्हणजे दोघांचं मत एकच झालं. मी शास्त्रासाठी नको म्हणतो, ती धर्मासाठी. संसारात प्रथमच आमचं एखाद्या मोठ्या प्रश्नावर एकमत झालं आणि त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. "दुनियेला लावीन" हे मात्र खटकलं.

रहाटाची दोरी तुटली आहे. सौ. हाताने पाणी शेंदते. मी बरा झालो की बदलीन.

सोमवार, २० डिसेंबर

फरक नाही. उलट डाव्या पायाच्या अंगठ्याला स्पर्श कळेनासा झाला आहे. सौ.ने पाय पुसताना अंगठा पुसला की नाही ते मला डोळ्यांनी बघावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थांबा. मी विचारलं, कुठवर? म्हणाले, चकतीला विचारा.

आज मैदानावरून शिटीचा आवाज इथवर आला. कांबळी फुंकतो तेव्हा शेवटी आवाज पडतो.

मला भीती वाटते. हे इथंच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मुलांनी मला कधी बसलेला पाहिलेला नाही. वाचनालयातल्या खुर्चीत त्यांनी मला पाहिलं तर "मास्तर, पुस्तक द्या" म्हणतील, आणि मी उठून देऊही शकणार नाही. मला रडू आलं. उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं.

दुपारी सौ. पेज घेऊन आली. तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. टाचा फुटलेल्या, लाल मातीने रंगलेल्या. साधे पाय आहेत. मी काहीतरी बोलणार होतो. ती म्हणाली, "काय हवां?" मी म्हणालो, मीठ.

गुरुवार, २३ डिसेंबर

आज दुपारी पालथा पडलो होतो. डोळे मिटले होते, झोप नव्हती. न्हाणीत पाण्याचा आवाज आला, पाय धुतल्यासारखा. मग सौ. ओटीवर आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. "अवो," म्हणाली, अगदी हळू. मी ओ दिली नाही. का दिली नाही ते सांगता येणार नाही.

बराच वेळ ती नुसती उभी होती. मग माझ्या पाठीला पाय लागला. लाथ म्हणता येणार नाही. थंड, ओला, नुसता टेकवलेला. पाखरू बसावं तेवढाच भार. मग तिने तो काढून घेतला, खाली बसली आणि माझ्या टाचांवर कपाळ टेकलं. किती वेळ, ते लिहीत नाही. उठताना तिच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या वर सारल्या असाव्यात.

मी श्वास सारखा ठेवला. ड्रिलमध्ये हे शिकवतो.

निरीक्षण: पाय दुसऱ्या-तिसऱ्या कटिमणक्यावर टेकला होता. चकती चौथ्या-पाचव्यामधली. जागा चुकली. उपयोग होण्याचं काही कारण नाही.

आज झोप चांगली लागेल असं वाटतं.

मंगळवार, २८ डिसेंबर

कळ गुडघ्याच्या वर आली. खाली काही नाही. अंगठ्याला चादर कळते. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "विश्रांती मिळाली की चकतीची सूज उतरते, शीर मोकळी होते. तुमची वेळ आली होती." मीही तेच म्हणालो. सौ. दाराआड उभी होती. डॉक्टर गेल्यावर तिने विचारलं, "नक्की सूजच उतरली ना?" मी म्हणालो, सूजच. तिचा चेहरा उतरला का, की तिला हायसं वाटलं, ते कळलं नाही. दोन्ही वाटलं असावं.

शुक्रवार, ७ जानेवारी १९५५

आज उभा राहिलो! मेढीला धरून, पण उभा. ओटीवरून बाहेर पाहिलं तर शेजारच्या कलमांना मोहोर आलेला. मी झोपलो तेव्हा नुसती पानं होती.

रमजानकडून पुन्हा सुरमई आली. सौ.ने मला तीन तुकड्या वाढल्या आणि स्वतः भात-कढी घेतली. हल्ली तिला मासे नकोसे झालेत. गेल्या आठवड्यात बांगड्याचं तिखलं होतं तेव्हाही तिने नुसता भात खाल्ला. वयाने तोंडाची चव जाते. तिचं माशावर फार प्रेम होतं, म्हणून आश्चर्य वाटलं. झोपतेही नुसत्या जमिनीवर. मी विचारलं तर म्हणाली, उकडतां. जानेवारीत.

सोमवार, २४ जानेवारी

डॉक्टरांनी कमरेला चामड्याचा पट्टा बांधून दिला. परवा मैदानावर उभं राहायला परवानगी मिळाली. अट एकच. "सहा महिने पुढे वाकायचं नाही. शिटी पडली तर पडू दे. पेढा पडला तरी पडू दे. आता पुन्हा चकती सरकली तर मुंबईला नेऊन पाठ कापावी लागेल, आणि मग वाचनालयातही उभं करणार नाहीत."

मी म्हणालो, "न वाकण्याचा मला सराव आहे."

"तोच तर रोग होता," म्हणाले.

सौ.ने माझा गणवेश इस्त्रीला दिला होता. तो आणायला गेली तेव्हा एका हाताने कमर धरून चालत होती. मी सांगितलं, चालताना हात बाजूला हवेत.

बुधवार, २६ जानेवारी

उभा राहिलो. आमची शाळा पुढे, शाळेच्या पुढे मी. सलामीच्या वेळी मुलांच्या पाठी पाहून माझा ऊर भरून आला. परतीच्या वेळी शिटी हातातून सुटली. अख्खी शाळा माझ्याकडे बघत होती. मी हललो नाही. कांबळी धावत आला, वाकला, शिटी उचलून बाहीला पुसून माझ्या हातात दिली. वाकताना त्याची पाठ छान गोल होते. मी इतकी वर्षं वाकणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलंच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, "मयेकर, ड्रिल तुमचंच." मी म्हणालो, कांबळीलाही थोडं शिकवतो.

कधी एकदा घरी जाऊन सांगतो असं झालं होतं. ओटीवर कुणी नाही. हाक मारली, ओ नाही. परसात गेलो.

सौ. विहिरीच्या काठावर आडवी पडली होती. बाजूला हंडा लवंडलेला, चुंबळ पाण्यात भिजलेली. डोळे उघडे. मला बघून म्हणाली, "झाला का तुमचा झेंडा?" हंडा उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली होती. मी मैदानावर निघालो त्याच वेळेला. तोंडाने हाक मारायची तर मला उशीर झाला असता, म्हणून मारली नव्हती.

मला उचलता येईना. वाकायला मनाई. मी नुसता तिच्याजवळ ताठ उभा होतो आणि लोकांना हाका मारत होतो. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

रविवार, ३० जानेवारी

आता फळ्यावर ती आहे. डॉक्टर म्हणतात, चकती सरकलेली नाही, पण सरकायच्या बेतात आहे. कमरेचे मणके झिजलेत. सुपातल्या बाईसारखेच, हे ते बोलले नाहीत, नुसतं सुपाकडे पाहिलं. ओझं बंद, पाणी बंद, पडून राहायचं.

पण ती निवळत नाही. खात नाही. पालथी पडून भिंतीकडे तोंड करते. आज शेवटी बोलली.

"माजी चुंबळबिंबळ काय सरकली नाय. मना पाप लागलां. मी तुमाला पाय लावला. तुमी झोपला होतात."

मी आश्चर्य दाखवलं. मला ते फारसं जमत नाही, पण तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"तुमी मैदानात उभं रावावं म्हणून लावला. मासे सोडले, चटई सोडली, तरी फिटलां नाय. आता हे असां."

म्हणजे तिला वाचनालय काय ते सगळं पहिल्यापासून कळलं होतं.

मी मणके आणले. एकेक दाखवून सांगितलं, की वर्षानुवर्षं हंडे वाहिलेस, रहाटाची दोरी तुटलेली, हाताने शेंदलंस, म्हणून कमर गेली. यात पापाचा काही संबंध नाही. दोष कुणाचा असलाच तर दोरी न बदलणाऱ्याचा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमीच लावा माज्या पाठीला पाय. पायाला पाय. मंग फिटंल."

"मी पायाळू नाही."

"नका असू. उसण जायला नाय सांगत. पाप जायला सांगतेय."

मी नाही म्हणालो. दुसरा मणका.

तिन्हीसांजेला रमजान आला, पुन्हा वाकडा होऊन. नेहमीसारखा ओटीकडे न बघता कडेने परसात गेला. सौ. आडवी आहे हे मी मागोमाग जाऊन सांगितलं तेव्हा पायरीवर टेकला. "या अल्ला! आता मी कुणाकडं जाव, मास्तर?" मी माडाकडे पाहिलं. नारळ उतरवून पाडप दसऱ्यालाच झालं होतं. वर चार कोवळी शहाळी होती. बुधवारपासून परसात एकही नारळ पडलेला नाही.

रमजानने वाकड्या कमरेने रहाटाची दोरी बदलून दिली.

रविवार, ६ फेब्रुवारी

आठवडाभर ती पेजेवर आहे. तीही अर्धी वाटी. डॉक्टर म्हणाले, पाठ बरी होईल, पण बाई खंगते आहे, मनात काय आहे ते बघा. मनात काय आहे ते मला ठाऊक होतं.

दुपारी मी म्हणालो, "बरं. लावतो पाय."

तिने लगेच डोळे मिटले. पालथीच होती. मी न्हाणीत जाऊन पाय धुतले. तिने धुतले होते म्हणून. येऊन तिच्याजवळ उभा राहिलो. एका हाताने मेढ धरली आणि डावा पाय उचलला. हाच तो पाय, ज्याचा अंगठा मला कळत नव्हता.

वरून तिची पाठ दिसत होती. मानेखाली, सातव्या मणक्यापाशी, एक उंचवटा आहे. डोक्यावरच्या ओझ्याने येतो. तो कधी आला मला माहीत नाही. खाली कमरेत मणके एकेक मोजता येत होते, इतकी वाळली आहे. आमचा मुलगा आता मुंबईला गोदीत लागला, त्याला हिने याच कमरेवर घेऊन वाढवला. मी ताठ चालायचो पुढे आणि ही पोर नि पिशवी घेऊन मागे.

पाय पुढे जाईना.

खाली ठेवला. पट्टा सोडला, तो असला की वाकता येत नाही. मग एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि वाकलो. हळूहळू, एकेक मणका सोडत, जसं वाकायचं असतं तसं. तिच्या कमरेवर कपाळ टेकलं. चौथा आणि पाचवा, बरोबर मधोमध. जागा चुकू दिली नाही.

"लावलात?" तिने विचारलं.

"लावला."

"लय गरम हाय वो पाय."

"उन्हात उभा होतो."

थोडा वेळ गेला. "ओला लागला," ती म्हणाली.

"धुऊन आलो ना."

तिने मोठा श्वास सोडला. पाठ माझ्या कपाळाखाली वर आली आणि खाली गेली. "फिटलां," म्हणाली. मग म्हणाली, "आता काढा तो. डॉक्टर सांगून गेलेत, एका पायावर जास्त उभं रावायचां नाय."

मेढीला धरून उठलो. वेळ लागला, पण उठलो. कमरेत काही झालं नाही. डॉक्टरांना हे सांगणार नाही. पट्टा पुन्हा बांधला आणि म्हणालो, "बरी झालीस की परसात नारळ पाडायला माझी हरकत नाही. फक्त जपून." तिचे कान लाल झाले.

हेडमास्तरांची चिठ्ठी आली, फळा परत पाठवा. अजून लागणार आहे असं कळवलं.

संध्याकाळी तिने आपणहून सुरमईची तुकडी मागितली. ती खाऊन दुसरी मागितली. म्हणाली, मीठ कमी हाय आणि तिरफळं टाकायला विसरलात. स्वयंपाक मी केला होता.